४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का? दोन प्रोग्रॅम दोन उत्तरं का देतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४,२९,४९,६७,२९७ या संख्येचे सगळे गणिती गुणधर्म काढायचे आहेत, पण पहिल्याच पायरीवर गाडी अडली. पायथनमध्ये २ चा (संख्या − १) इतका घात घेतला आणि त्याला संख्येनं भागलं तर बाकी १ येते, म्हणून ती मूळ वाटते. सी मध्ये लिहिलेला भाग लावून बघणारा प्रोग्रॅम मात्र ‘दिलेली संख्या १’ असं छापून थांबतो. आणि एकानं सांगितलंय की तिला ६४१ नं भाग जातो. तिघांत खरं कोण?

६४१ सांगणारा खरा. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. म्हणजे संख्या संयुक्त आहे. पण नुसतं हे उत्तर घेऊन तुमचं काम भागणार नाही, कारण पायथननं दाखवलेली बाकी १ सुद्धा अगदी बरोबर आहे. खरी अडचण ‘पुरावा कशाला म्हणायचं’ ही आहे. मूळ संख्या जी चाचणी नेहमी पार करते, ती पार केली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ही एकच संख्या हा फरक इतक्या स्वच्छपणे दाखवते की तिच्यावर थोडा वेळ घालवणं सार्थकी लागतं.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. संगणक हाताशी असेल तर या आकाराच्या संख्येला कुठलीही युक्ती लागत नाही. वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित वर आहे, त्याखाली ६,५४२ मूळ संख्या आहेत, आणि ६४१ ही त्यांतली ११६ वी. साधा भागाकाराचा प्रोग्रॅम डोळ्याची पापणी लवायच्या आत तिथे पोचतो. कागदावर करायचं असेल तर मात्र ११६ भागाकार नकोसे होतात आणि तिथे डोकं चालवावं लागतं. दुसरी गोष्ट, ‘गुणधर्म’ म्हणताना कोणते हवेत? अवयव, विभाजकांची बेरीज, वर्गांची बेरीज हे संख्येचे स्वतःचे गुणधर्म. अंकांची बेरीज, शेवटचा अंक, आवर्ती दशांश हे आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून दिसणारे. पहिल्या प्रकाराला मी जास्त जागा देतो.

अनोळखी मोठी संख्या आली की मी आधी तिचे अंक बघत नाही, तिच्या शेजारी बघतो. एक कमी केला तर काय येतं? ४,२९,४९,६७,२९६. संगणकाशी संबंध असलेला कुणीही ही ओळखेल: २^३२, म्हणजे २ चा ३२ वा घात. म्हणजे आपली संख्या २^३२ + १ आहे. द्विमान पद्धतीत ती १, मग एकतीस शून्यं, मग १ अशी लिहिली जाते. पुढून वाचा की मागून, तीच. यापुढे मी तिला ‘सं’ म्हणेन. अंकांच्या चाचण्या उरकून टाकू: बेरीज ५९, म्हणून ३ नं भाग जात नाही; शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. ७, ११, १३ यांनी भागलं तर बाकी अनुक्रमे ५, ५ आणि १०. या वाटेनं पुढे गेलात तर ६४१ पर्यंत बरंच चालावं लागेल.

त्याऐवजी २^३२ + १ हे रूप वापरा. समजा प ही मूळ संख्या सं ला भागते. मग प नं भागताना २^३२ ची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला एकच कमी पडतो). दोन्हींचा वर्ग करा: २^६४ ची बाकी १. आता २ चा कोणता लहानात लहान घात प पाशी बाकी १ देतो? तो घातांक ६४ ला भागणारा हवा, पण ३२ ला भागणारा नको, कारण ३२ पाशी बाकी −१ आहे. असा एकच उरतो: ६४. दुसरीकडे, फर्माच्या लहान प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकीही १ असते, म्हणून ६४ नं प − १ ला निःशेष भाग जायलाच हवा. म्हणजे सं चा प्रत्येक मूळ अवयव ६४क + १ या साच्यातला आहे. ६४१ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त पाच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. एकशे सोळा भागाकारांचे पाच झाले.

अजून एक पाऊल टाकता येतं. प ही ८ नं भागल्यावर १ उरवणारी असेल (६४क + १ साच्यातली प्रत्येक तशीच असते) तर प च्या हिशेबात २ हा एखाद्या संख्येचा वर्ग असतो. म्हणजे अशी र सापडते की र² ची बाकी २ येते. मग र^६४ ची बाकी −१ आणि र^१२८ ची १. वरचाच युक्तिवाद र ला लावला की ६४ च्या जागी १२८ येतो. आता साचा १२८क + १: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत १२९, ३८५ आणि ५१३ उघडच संयुक्त. २५७ ला भागाकाराचीही गरज नाही: २५७ = २^८ + १, म्हणून २^८ ची बाकी −१, तिचा चौथा घात १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी २. राहता राहिली ६४१. कागदावर पहिलाच खरा भागाकार ६४१ चा करायचा आणि तो निःशेष जातो.

६४क + १ हे निरीक्षण लिओनहार्ड ऑयलरचं, १२८ ची सुधारणा एदुआर ल्यूकाची. पिएर द फर्मानं १६४० मध्ये असं मत मांडलं होतं की २^(२^क) + १ या रूपातली प्रत्येक संख्या (हिला फर्मा संख्या म्हणतात) मूळ असावी. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पहिल्या पाच खरंच मूळ आहेत. आपली संख्या त्यानंतरची. गोल्डबाखनं १७२९ मध्ये पत्रातून ऑयलरचं लक्ष तिच्याकडे वेधलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरनं ६४१ दाखवून दिला. त्यानंतरची एकही संख्या आजवर मूळ सापडलेली नाही.

भागाकार न करता ६४१ चा पुरावा हवा असेल तर तो दोन ओळींचा आहे आणि पाठ करण्यासारखा आहे. ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४, म्हणजे ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १. म्हणून २^३२ + १ ला ६४१ नं भाग जातो.

इथे बहुतेक जण थांबतात आणि चूक करतात. ६७,००,४१७ मूळ आहे हे आपण अजून सिद्ध केलेलं नाही! भागाकार मोठा दिसतो म्हणून तो मूळ धरायचा नसतो. पण साचा इथेही कामी येतो, कारण या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव सं चाही अवयव असणार. वर्गमूळ साधारण २,५८८. तिथपर्यंत १२८क + १ या साच्यात वीस संख्या आहेत आणि त्यांतल्या मूळ फक्त पाच. बाक्या अशा येतात: २५७ नं भागल्यास १७०, ६४१ नं ४४, ७६९ नं १२०, ११५३ नं ३३४, १४०९ नं ६२२. एकही शून्य नाही. म्हणून ६७,००,४१७ मूळ. पाच भागाकार, अर्ध्या पानात काम संपतं. अवयव काढल्याचा दावा करताना ही पायरी लिहायचीच.

आता तुमच्या पायथनच्या उत्तराकडे. २^(सं−१) ची बाकी १ का आली? सं च्या हिशेबात २^३२ = −१ आणि २^६४ = १ हे तर व्याख्येतूनच येतं. सं − १ म्हणजे २^३२, आणि त्याला ६४ नं निःशेष भाग जातो. म्हणून २ चा (सं − १) वा घात हा १ चाच कुठलातरी घात, म्हणजे १. यात सं मूळ असण्या-नसण्याचा काही संबंधच आला नाही. २^(२^क) + १ या रूपातली कुठलीही संख्या पाया २ ची (म्हणजे २ चे घात घेऊन केलेली) परीक्षा आपोआप पास होते, अगदी कडक प्रकारची, म्हणजे मिलर-राबिन चाचणीसुद्धा, कारण वर्ग करत जाताना पाचव्या पायरीला −१ दिसतो आणि चाचणी समाधान मानते. पाया ४, ८, १६ घेऊन ‘चार वेळा तपासलं’ म्हणणंही व्यर्थ. २ चे सगळे घात एकाच माळेतले मणी.

पाया ३ घ्या. ३^(सं−१) ला सं नं भागल्यावर बाकी येते ३,०२,९०,२६,१६०. सं मूळ असती तर १ आली असती. इथेच निकाल लागतो, एकही अवयव न सांगता. या जातीच्या संख्यांसाठी पेपँनं १८७७ मध्ये दिलेली चाचणी अर्ध्या घातावर थांबते: ३^((सं−१)/२) ची बाकी −१ आली तर आणि तरच संख्या मूळ. इथे ती येते १,०३,२४,३०३.

असे किती पाये आहेत जे या संख्येला चुकून पास करतात? मोजता येतात. प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करायचा आणि सं − १ शी मसावि काढायचा. ६४० आणि २^३२ यांचा मसावि १२८. ६७,००,४१६ = २^७ × ३ × १७,४४९, म्हणून त्याचाही १२८. गुणाकार १६,३८४. सं शी सहमूळ असणारे पाये एकूण ४,२८,८२,६६,२४०, म्हणजे दर २,६१,७३५ पायांमागे एकच फसवा. यादृच्छिक पाया उचलला असता तर जवळजवळ खात्रीनं खरं कळलं असतं. तुम्ही नेमका सगळ्यांत वाईट उचललात, कारण तो सगळ्यांत सोपा वाटतो. प्रोग्रॅम दुरुस्त करायचा तर मिलर-राबिनला २, ७ आणि ६१ हे तीन पाये द्या. ४,७५,९१,२३,१४१ च्या खाली हे त्रिकूट एकदाही चुकत नाही, आणि आपली संख्या त्या मर्यादेत बसते. २, ३, ५, ७, ११ घेतलेत तर मर्यादा दोन लाख कोटींच्याही पुढे जाते.

सी मधला ‘१’ हा वेगळाच घोळ आहे. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात मोठ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ मावते. आपली संख्या ३३ बिटांची. डावीकडचा १ कापला जातो, मधली शून्यं राहतात आणि शेवटचा १ उरतो. प्रोग्रॅमनं इमानेइतबारे उरलेली संख्या छापली. ६४ बिटांचा प्रकार वापरलात की हे थांबेल, पण घात काढणाऱ्या प्रोग्रॅमला आणखी एक खड्डा आहे आणि तो जास्त वाईट आहे. २ चे वर्ग करत जा: पाच वर्गांनंतर २^३२ येतो, म्हणजे सं − १. सहाव्या वेळी त्याचा वर्ग २^६४. तो ६४ बिटांत एका बिटानं मावत नाही आणि शून्य होतो. पुढचे सगळे वर्ग शून्यच, शेवटी बाकी ०, आणि प्रोग्रॅम सांगतो ‘१ आली नाही, म्हणून संयुक्त’. उत्तर बरोबर, कारण साफ चूक! असा प्रोग्रॅम पुढे एखाद्या खऱ्या मूळ संख्येलाही संयुक्त ठरवेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. या संख्येवर २ च्या पायाची बाकी १ च आली पाहिजे. ० आली तर आधी ओव्हरफ्लो शोधा. जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्या ९,००७ लाख कोटींच्या आसपास, नेमकं २^५३ पर्यंतच, बिनचूक राहतात, म्हणून तिथे पाया ३ चे वर्ग निसटतात. मोठ्या पूर्णांकांचा वेगळा प्रकार घ्यावा लागतो. पायथनला ही भानगड नाही.

असे मोठे वर्ग मावायला १२८ बिटांचा प्रकार हाताशी नसेल तर या संख्येपुरती एक सुंदर सोय आहे. सं च्या हिशेबात २^३२ म्हणजे −१. म्हणून कुठलाही मोठा गुणाकार अ × २^३२ + ब असा तोडायचा आणि ब − अ घ्यायचं. ऋण आलं तर सं मिळवायची. भागाकार नाहीच. वरचंच उदाहरण करून बघा. १,०३,२४,३०३ चा वर्ग १०,६५,९१,२३,२४,३५,८०९. त्यात अ = २४,८१७ आणि ब = ३,०२,९०,५०,९७७. वजाबाकी ३,०२,९०,२६,१६०. अर्ध्या घाताच्या बाकीचा वर्ग केला की पूर्ण घाताची बाकी मिळाली पाहिजे, आणि तीच मिळाली. फक्त मधली किंमत नेमकी २^३२ झाली तर ती −१ म्हणून वेगळी हाताळा, नाहीतर वर्ग करताना तोच ६४ बिटांचा खड्डा पुन्हा लागेल.

आता माझ्या मते या संख्येचा सर्वांत देखणा गुणधर्म. ती दोन वर्गांची बेरीज आहे, हे तर दिसतंच: ६५,५३६² + १². पण ती दुसऱ्या रीतीनंही दोन वर्गांची बेरीज आहे: ६२,२६४² + २०,४४९². ताळा करा: ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असलीच तर एकाच रीतीनं असते. दोन रीती सापडल्या की संख्या संयुक्त, आणि इतकंच नाही, त्या दोन रीतींमधून अवयवही बाहेर काढता येतात.

कृती अशी. सम वर्गमुळांची वजाबाकी करा: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२. विषमांची करा: २०,४४९ − १ = २०,४४८. दोन्हींचा मसावि ८. भागून आले ४०९ आणि २,५५६. आता बेरजा: ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८००, आणि २०,४४९ + १ = २०,४५०. पहिलीला २,५५६ नं भागा, ५०. दुसरीला ४०९ नं भागा, तिथेही ५०. शेवटी ८ आणि ५० यांची निम्मी घ्या, ४ आणि २५. एक अवयव ४² + २५² = ६४१. दुसरा ४०९² + २,५५६² = १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७.

उलट बाजूनं बघितलं तर आणखी मजा येते. २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६. यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४. यांची वजाबाकी १, बेरीज २०,४४९. मूळ अवयव दोनच आणि दोन्ही वेगळे, म्हणून रीतीही दोनच. तिसरी शोधत बसू नका. कागदावर अवयव शोधण्यासाठी ही वाट धरू नका हेही सांगून ठेवतो. १ नंतर २०,४४९ पर्यंत प्रत्येक विषम संख्येचा वर्ग वजा करून ‘उरलेला पूर्ण वर्ग आहे का’ बघावं लागेल. यंत्राला ते चुटकीसरशी, हाताला अशक्यप्राय.

अवयव मिळाले की उरलेले गुणधर्म पटापट निघतात. विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि स्वतः. त्यांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८ = ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळून ६७,०१,०५९, म्हणजे संख्येच्या मानानं नगण्य; ती न्यून संख्या आहे, परिपूर्णतेच्या जवळपासही नाही. कुठल्याही वर्गानं (१ सोडून) भाग जात नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०; हाच आकडा वर पायांच्या हिशेबात आला.

दशांशात बघायचं तर ६४१ चा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. १०^१६ + १ लाही ६४१ नं निःशेष भाग जातो, म्हणून १/६४१ चा आवर्ती गट बरोबर ३२ अंकांचा: ०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. पहिले सोळा अंक आणि पुढचे सोळा अंक एकाखाली एक लिहून बेरीज करा, सोळा नऊ मिळतील.

दोनच घरं मागे असलेली शेजारीण, ४,२९,४९,६७,२९५, अगदी उलट स्वभावाची आहे. ती ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. याचा भूमितीत परिणाम होतो. गाउसनं १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासनं काढता येतो हे दाखवलं. कोणते काढता येत नाहीत याचा पुरावा वाँत्सेलनं १८३७ मध्ये पूर्ण केला. त्या नियमानं (विषम बाजूंची संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचाच गुणाकार हवी) ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः काढता येतो, विषम बाजूंच्यात ज्ञात असलेला सर्वांत मोठा तोच. दोन बाजू वाढवल्या की ६४१ आडवा येतो आणि बहुभुज काढता येत नाही.

अवयव काढायच्या दोन प्रसिद्ध पद्धती या संख्येवर कशा अडतात हेही बघून ठेवा, कारण तुमच्या पुढच्या संख्येवर त्या तुम्ही वापरालच. पहिली फर्माची स्वतःची: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. वर्गमुळाच्या लगेच वरून, म्हणजे ६५,५३७ पासून, सुरुवात करून प्रत्येक संख्येच्या वर्गातून सं वजा करायची आणि उरतं ते पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. दोन्ही अवयव जवळजवळ असतील तर ही पद्धत विजेसारखी चालते. इथे ते फार लांब आहेत. ३३,५०,५२९² − ३३,४९,८८८² पर्यंत जावं लागतं, म्हणजे ३२,८४,९९३ प्रयत्न. दुसरी पोलार्डची ‘प − १’ पद्धत: एखाद्या पायाचा बऱ्याच लहान अवयवांनी बनलेला घात घ्यायचा, १ वजा करायचा आणि सं शी मसावि काढायचा. ६४० = २^७ × ५ इतकं सुटसुटीत आहे की घातांक ८!, म्हणजे ४०,३२०, पुरतो. पाया ३ घेतलात तर मसावि थेट ६४१. पाया २ घेतलात तर मसावि येतो पूर्ण सं, कारण ४०,३२० ला ६४ नं भाग जातो आणि दोन्ही अवयवांपाशी बाकी एकदमच १ होते. मसावि पूर्ण संख्या आला तर ‘अवयव नाही’ असा अर्थ काढू नका. पाया बदला आणि पुन्हा चालवा.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तपासायला याच माळेतली पुढची संख्या घ्या: २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिच्यासाठी साचा २५६क + १. क = १ पासून चालवलात तर क = १०७१ ला २,७४,१७७ नं निःशेष भाग गेला पाहिजे आणि भागाकार ६७२८०४२१३१०७२१ आला पाहिजे, तोही मूळ. ती ६५ बिटांची आहे, तेव्हा ६४ बिटांच्या प्रकारात तिचंही काय होईल ते आता तुम्हाला सांगायला नको. प्रोग्रॅमनं १०७१ च्या आत दुसरंच काही सांगितलं तर चूक भागाकारात नसून संख्या साठवण्यात आहे, तिथून शोधायला लागा.